शेजारणीचं काम

आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा सांत्वनाला गेलो, तेव्हा ज्यांच्या जाण्याचं दुःख करायला गेलो होतो त्यांनीच दार उघडलं.

आमचं लग्न होऊन महिना झाला असेल. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई रोज सकाळी बसलेल्या दिसत. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, हातात काकण नाही, नजर गटारीवर. कुणी हाक मारली तरी मान वर होत नसे. शाळेत क्लार्क म्हणून चिकटल्यापासून लोकांच्या अडीअडचणीला आपण जातीनं गेलं पाहिजे, असं मला वाटू लागलं होतं. बायको म्हणाली, "आधी कुणाला तरी विचारा." मी म्हटलं, "दुःख काय विचारून कळतं?" आणि चेहरा जमेल तेवढा पाडून समोर गेलो.

दार एका धिप्पाड गृहस्थांनी उघडलं. अंगात बनियन, तोंडात ब्रश. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणालो, "फार वाईट झालं. कसे गेले हो?"

"कोण?"

"बाईंचे यजमान."

त्यांनी ब्रश बाहेर काढला, पायरीवरून खाली थुंकले आणि आत तोंड करून ओरडले, "मालन, मी गेलोय म्हणं! ये लवकर. पावणं आल्यात भेटाय!"

त्या बाई आतून हसत आल्या. ती मान वर न करणारी बाई कुठल्या कुठं गेली होती. "अवं, पुढल्या महिन्यात शूटिंग हाय," त्या म्हणाल्या. "विधवेचं काम हाय. अंगात मुरवाय नगो व्हय?"

"बसा की," यजमान म्हणाले. "मला सवय हाय. वर्षातनं दोनदा तरी मरतोय मी."

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय झालं होतं त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही. सुखरूप आहेत."

तर त्या मालनआक्का. दार उघडणारे ते तात्या, त्यांचं सायकलचं दुकान होतं.

नाटक-सिनेमाच्या इतिहासात मालनआक्कांचं नाव शोधू नका, सापडणार नाही. चेहरा मात्र तुम्ही पाहिलेला आहे. कोल्हापुरात सिनेमे निघत होते तेव्हापासून, पुढं जत्रेतली नाटकं, आणि आता मालिका. त्यांत जी सासू, चुलती, सुईण, पाण्यावरून भांडणारी दुसरी बाई, नायिकेच्या लग्नात नाक मुरडणारी तिसरी बाई, त्यातल्या निम्म्या तरी मालनआक्का. आणि शेजारीण. शेजारणीची कामं त्यांनी इतकी केली की स्टँडवर, बाजारात लोक त्यांच्याकडं टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "मावशी, तुम्हाला कुठंतरी बघितलंय." आक्का म्हणायच्या, "तुमच्याच घरात बघितलंय. मी भिंतीपल्याडच असतो की."

त्यांचा एक हट्ट होता. सिनेमावाल्यांनी दिलेले कपडे त्या अंगाला लावायच्या नाहीत. "नव्या लुगड्यात माणूस दिसत न्हाय, दुकान दिसतंय," म्हणायच्या. मग काय करायच्या? काम मिळालं की त्या कामासारखी बाई शोधायच्या. भाजी विकणारी, भांडी घासणारी, उसाच्या फडावरची. तिच्याशी आठ-पंधरा दिवस मैत्री करायची आणि एक दिवस नवंकोरं लुगडं नेऊन तिला द्यायचं आणि तिच्या अंगावरचं, धुऊन धुऊन विरलेलं, बदल्यात घ्यायचं. आक्कांच्या घरी वलणीवर कधीच त्यांच्या मापाचं, त्यांच्या आवडीचं काही वाळत नसे. पेठेतल्या निम्म्या कष्टकरी बाया मात्र आक्कांच्या कृपेनं दिवाळीला नव्या लुगड्यात. तात्या म्हणायचे, "एक दिवस ही मलाबी बदलून आणील. जुना, मुरलेला बघून."

कामाची पावती त्या लोकांच्या रागात मोजायच्या. एका मालिकेत त्या सुनेचा छळ करायच्या. एका सकाळी हात हलवत बाजारातून आल्या, चेहऱ्यावर मोठं समाधान. बायकोनं विचारलं, "आक्का, भाजी नाही मिळाली?"

"दिली न्हाय की तिनं! म्हणाली, सुनेला उपाशी ठेवणाऱ्या बाईला माझी वांगी न्हाय मिळायची. चालती हो." आक्का आमच्या उंबऱ्यातच बसल्या. "ऐकलंस का गं? चालती हो म्हणाली! एवढं कुणी बक्षीस दिलं न्हवतं मला आजवर."

त्या दिवशी तात्या चटणी-भाकरी जेवले आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही वांग्याची गोष्ट अभिमानानं सांगितली.

आक्कांना मूलबाळ नव्हतं. होता तो बाळू. हा बाळू कॉलेजात नापास होऊन त्यांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागला होता. विंगेत उभा राहून लोकांना वाक्यं पुरवायची, एवढंच काम. आक्कांनी त्याला दहा वर्षं जेवू घातलं, शिव्या घातल्या, त्याच्या तापात उशाशी बसल्या, आणि मुंबईला जातो म्हणाला तेव्हा तात्यांच्या मागं लागून त्याची सोय करून दिली. "मुडद्या, तितं जाऊन मोठा हो. न्हाईतर परत आलास तर दारात उभा करनार न्हाय," हा त्यांचा निरोप. तो खरोखर मोठा झाला. दिग्दर्शक म्हणून मालिका केल्या, मग सिनेमे. वर्षाकाठी एकदा यायचा. त्याची गाडी गल्लीत शिरायची नाही, म्हणून तीन रस्त्यांच्या तिकटीला लावून चालत यायचा, आणि आक्का पायरीवरून ओरडायच्या, "आला बघा मुडदा! हाडं बघा कशी वर आल्यात!" तोवर तो चांगला गरगरीत झालेला होता.

तात्या गेले. या वेळी खरंच. त्यानंतरच्या वर्षी बाळू आला तो एक गोष्ट घेऊन. मी तिथं होतो. गडहिंग्लजच्या बाजारात मिरची विकणारी एक म्हातारी, तिची परागंदा झालेली लेक, आणि वीस वर्षांनी त्या दोघींची भेट. सबंध सिनेमा त्या म्हातारीच्या खांद्यावर होता.

"आक्का," बाळू म्हणाला, "ही तू हायस. लिहितानाच तुझा आवाज ऐकू येत होता मला. पडद्यावर पहिलं नाव तुझं."

आक्कांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. नंतर माझ्या बायकोला मात्र त्यांनी विचारलं, "का गं, पहिलं नाव आलं की लोक खुर्चीवर बसल्यालं असत्यात का अजून येत असत्यात?"

पुढचे सात-आठ महिने माझी मारुती आक्कांच्या सेवेत होती. ही गाडी मी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, चढ लागला की विचारात पडायची. गडहिंग्लजच्या बाजाराच्या दिवशी आम्ही निघायचो. तिथं आक्कांना निंगव्वा सापडली होती. सीमेवरच्या कुठल्याशा गावची, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी, सत्तरीची मिरचीवाली. आक्का तिच्याशेजारी पोत्यावर बसायच्या आणि मिरच्या विकायच्या. मी मागं बसून शिंकायचो.

"यव्वा, ह्यास्नी कशाला आणतीस गं अक्का?" निंगव्वा विचारायची. "गिऱ्हाईक भितंय की. माल तिखट न्हवं, जीवघेणा वाटतोय."

आक्कांनी तिच्यापासून काय काय उचललं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं कधी बघायची नाही, हाताकडं बघायची. भाव सांगताना नजर भलतीकडंच. आणि मुख्य म्हणजे, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, घाम आला, तरी ती बोटं डोळ्याला लावायची नाही. मिरचीचे हात. ती कोपर वर करून दंडानं डोळे पुसायची. आक्का गाडीत बसून सबंध रस्ताभर कोपर वर करायच्या आणि खाली घ्यायच्या. निपाणीच्या फाट्याला एका ट्रकवाल्याला वाटलं आम्ही वळतोय. त्यानं आमचा उद्धार केला.

शेवटी लुगड्यांची अदलाबदल झाली. निंगव्वानं नवं लुगडं छातीशी धरलं आणि म्हणाली, "मला बघाय बोलावशील न्हवं, अक्का? माझंच सोंग मला बघाय पायजे."

"पैल्या रांगेत बसवीन," आक्का म्हणाल्या.

शूटिंगला महिना राहिला तेव्हा बाळू मुंबईच्या एका मोठ्या नटीला घेऊन आला. नाव सांगत नाही, तुम्हाला ठाऊक असणारच अशा त्या बाई. वय पन्नाशीच्या आतबाहेर, वागायला साध्या, बोलायला गोड. बाळू म्हणाला, "आक्का, ह्यांना तुझ्याकडं सोडून जातो आठ दिवस. भाषा, चालणं, बसणं, सगळं दे. आई आणि लेक एका हाडाच्या दिसल्या पाहिजेत बघ."

आक्कांना ते शंभर टक्के पटलं. लेक आईसारखीच बसणार, उठणार. त्यांनी बाईंना घरातल्या चौकात पोत्यावर बसवलं. "पाय असा मुडपून. तसा न्हवं, तो बागेत बसायचा पाय झाला. व्हय, असा." भाव कसा सांगायचा ते सांगितलं. कोपर शिकवलं. बाईंचा दंड डोळ्यापर्यंत जाईना, तेव्हा आक्कांनी मागं उभं राहून त्यांचा हात धरून नेला. बाई एकदा दमून म्हणाल्या, "आक्का, हे सगळं तुम्ही मला का देताय?" आक्का हसून म्हणाल्या, "लेकीला न्हाई द्यायचं तर कुणाला गं?" बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला ते बघणं तेव्हा मायेचं वाटलं. आता वाटतं, त्यांना ते वाक्य कुठं बसवावं ते कळलं नव्हतं.

शूटिंग गडमुडशिंगीजवळच्या एका मळ्यात होतं. पहिल्या दिवशी सकाळी मी आक्कांना घेऊन गेलो. मांडीवर पिशवी, पिशवीत निंगव्वाचं लुगडं. त्या वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलायचं ते सगळं आता म्हातारीनं बोलायचं होतं.

कपडेपट सांभाळणारी एक पोरगी पळत आली. "आक्का, ते लुगडं आणलंत ना? द्या. मॅडम थांबल्यात."

"मॅडमला कशाला? लेक शहरातनं आल्याली हाय. तिला साडी असंल."

पोरगी गोंधळली. "लेकीचं शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे, ती मुलगी अजून आलीच नाही. मॅडम आईचं काम करतायत ना?"

एवढ्यात मळ्यातल्या घराचं दार उघडलं आणि बाई दिसल्या. चेहऱ्यावर सुरकुत्या चढवलेल्या, केस पांढरे केलेले. त्या आरशासमोर बसून कोपरानं डोळे पुसायची तालीम करत होत्या.

आक्का उभ्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. मी बाळूला शोधून आणलं. तो आला, हातात कागद, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा काढला नाही.

"आक्का, निर्माता ऐकंना गं. नाव लागतंय. नाव असल्याशिवाय थिएटर मिळत न्हाय. मी लई भांडलो."

"कवा कळलं तुला हे?"

"म्हंजे... कळलं, मधी."

"त्या बाईला माझ्या दारात सोडलीस, तवा ठावं हुतं?"

बाळू कागदाकडं बघू लागला. विंगेत उभा राहून दहा वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडेना.

"सांगितलं असतं तर तू शिकवलं नसतंस," तो शेवटी म्हणाला. आणि मग घाईघाईनं, "तुझं काम हाय की पण. दोन सीन ठेवल्यात. तिच्या शेजारणीचं."

आक्कांनी पिशवीतून लुगडं काढलं, झटकलं आणि सरळ आत गेल्या. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही. मी दारापर्यंत धावलो. आक्का बाईंना लुगडं नेसवत होत्या.

"आक्का, मला वाटलं तुम्हाला सांगितलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "देवाशपथ, मला वाटलं सांगितलंय."

"तुझं काय चुकलं न्हाय. सरळ उभी ऱ्हा." आक्कांनी ओचा डाव्या बाजूला घट्ट खोचला. "उजव्या हातात तागडी असती तिच्या. हिकडं सुटं ठेवलं तर अडकंल. आन् हे बघ, डोळं हातानं पुसलंस तर मी सोडनार न्हाय तुला. त्या म्हातारीचं हाय ते, माझं न्हवं."

बाहेर आल्यावर बाळू आडवा आला. "आक्का, शेजारणीचं..."

"शेजारीण लई केली," आक्का म्हणाल्या. "आता खरीच हाय की मी. ह्यांची." आणि माझ्याकडं बोट करून गाडीत जाऊन बसल्या.

अशा वेळी गाडीनं झटक्यात निघायला हवं, धूळ उडायला हवी. माझी मारुती सुरूच होईना. शेवटी युनिटची चार पोरं आणि बाळू, असे पाच जण आम्हाला मळ्याच्या फाटकापर्यंत ढकलत आले. आक्का समोर बघत बसून होत्या. आरशात मला बाळूचा घामेजलेला चेहरा दिसत होता. फाटकाशी गाडी सुरू झाली, तसा तो मागं राहिला.

सिनेमा चालला. चांगला चालला. आमच्या गल्लीच्या तोंडाला मंडळानं मोठा डिजिटल फलक लावला. मधोमध बाई, कोपर वर केलेली. बाजूला बाळू, 'पेठेचा अभिमान'. आणि अगदी खाली, तालमीचे पैलवान, फुटबॉलचे खेळाडू आणि चिकनवाले यांच्या रांगेत, शुभेच्छुक म्हणून तिकिटाएवढ्या मालनआक्का. फोटो त्यांना न विचारता कुठूनतरी काढलेला, त्या विधवेच्या कामातला. मी मंडळाच्या अध्यक्षाला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "अवं काका, आक्का आपल्याच हायत की. आपल्या माणसाला काय विचारायचं?" बाळूलाही बहुधा असंच वाटलं असावं.

आक्का सिनेमाला गेल्या. आम्ही दोघं बरोबर होतो. निंगव्वाला त्यांनी बोलावलं नाही. "काय तोंडानं बोलवू?" एवढंच म्हणाल्या. म्हातारी लेकीला ओळखते आणि कोपरानं डोळे पुसते, त्या जागी थिएटरात टाळ्या-शिट्ट्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस हुंदके देत होता. मला त्या टाळ्यांचा इतका राग आला की मी पायाखालचा पॉपकॉर्नचा पुडा चिरडला. तो शेजारच्या माणसाचा होता, मला भरून द्यावा लागला. आक्का शांत होत्या. "बरं केलं पोरीनं," म्हणाल्या. "खांदा जरा लवकर उचलला." शेवटी पडद्यावर नावं सरकू लागली तेव्हा लोक उठलेच होते. विशेष आभारांत मालनआक्कांचं नाव असल्याचं बायको सांगते. मला उभ्या राहिलेल्या लोकांच्या पाठी दिसल्या.

त्यानंतर आक्कांनी काम घेतलं नाही. मालिकावाले यायचे, त्या पायरीवरूनच "गुडघं दुखत्यात" म्हणायच्या. गुडघे त्यांचे ठणठणीत होते.

गेल्या महिन्यात बाळूचा मला फोन आला. सिनेमाला कसलासा मोठा पुरस्कार मिळाला होता. "काका, आक्काच्या पाया पडाय यायचंय. तुम्ही संगं या, एकट्याचा धीर होईना." मी जाऊन आक्कांना सांगितलं, उद्या बाळू येणार म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. "येऊ दे की," म्हणाल्या. "रस्ता सरकारचा हाय."

दुसऱ्या दिवशी तो आला. शाल, नारळ, पेढ्यांचा मोठा बॉक्स. आक्का पायरीवर नव्हत्या. आम्ही आत गेलो. पूर्वी हा पोरगा चपला काढता काढताच स्वयंपाकघरात पोचलेला असायचा, डब्यांची झाकणं उघडून बघायचा. सवयीनं तो तिकडं वळला.

"तिकडं कुठं?" आक्का दारात उभ्या होत्या. आवाज एकदम मऊ. "हितं बसा की, पावणं. खुर्चीवर बसा."

बाळू हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. तो पाया पडला. आक्कांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी ऱ्हावा" म्हणाल्या आणि आतून ट्रेमधून चहा घेऊन आल्या. कपबशीत. कपाटातली ठेवणीतली कपबशी. सोबत बशीत चार बिस्किटं. मग समोर बसून त्यांनी त्याला प्रवास कसा झाला ते विचारलं, मुंबईचा पाऊस विचारला, मंडळी बरी आहेत का विचारलं. सगळं नीट, रीतीप्रमाणं. मी इतकी वर्षं त्यांना बघतोय, एवढं गोड बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

बाळूच्या हातातली बशी वाजू लागली.

"आक्का," तो म्हणाला, "शिव्या घाल की गं. चपलेनं मार. पण असं नको बोलूस."

"छे! घरी आल्याल्या पावण्यास्नी कोण शिव्या देतंय व्हय?" आक्का म्हणाल्या. "चहा घ्या. गार हुतोय."

त्यानं चहा घेतला. रडत घेतला. जाताना आक्का दारापर्यंत सोडायला आल्या, "या परत सवडीनं" म्हणाल्या, आणि तो तिकटीला वळेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. त्याला सोडून मी मागं वळून बघितलं तेव्हा त्या एकट्याच होत्या, हात अजून तसेच.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. आक्कांचा आवाज काढला, बाळूची बशी वाजवून दाखवली. "असा धडा दिला बघ! एक शिवी नाही, एक शब्द वावगा नाही. पोरगा आतबाहेर हलला. सूड घ्यावा तर असा." बोलता बोलता ताटातली खपली गव्हाची खीर दोनदा मागून घेतली. गुळातली, वर खोबरं. फार दिवसांनी अशी जमली होती. मी म्हटलं, "आज एकदम खीर? काय विशेष?"

बायकोनं पातेलं माझ्यापुढं सरकवलं.

"मी नाही केली. आक्कांनी मघाशी पातेल्यासकट आणून दिली. काल तुम्ही निरोप सांगून आलात ना, तेव्हाच त्यांनी खपली भिजत घातली होती. बाळूला लागते म्हणून. सगळी संपवा म्हणाल्या, घरात ठेवायची नाही."